निकाल १९६, मर्यादा २००: पाणी पास की नापास?

क्षारपारखी

बोअरवेलच्या पाण्याची एकूण कठिणता. पद्धत आयएस ३०२५ भाग २१, ईडीटीए टायट्रेशन (रंग बदलेपर्यंत ब्युरेटमधून ईडीटीए हे रसायन थेंबाथेंबाने घालून कठिणता मोजणं). नमुना ५० मि.लि., ०.०१ मोलर ईडीटीए, खर्च ९.८० मि.लि. म्हणजे निकाल १९६ मि.ग्रॅ./लि. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात स्वीकार्य मर्यादा २०० आणि पर्यायी स्रोत नसेल तर ६००. ग्राहकाला २०० च्या मर्यादेवर स्पष्ट शेरा हवा आहे.

अनसर्टन्टीचं (खरं मूल्य निकालाच्या किती इकडेतिकडे असू शकतं त्याचं) बजेट असं मांडलंय: २५ मि.लि. 'ए' वर्गाची ब्युरेट ±०.०३, ५० मि.लि. पिपेट ±०.०५, १ लिटर फ्लास्क ±०.४ आणि बॅलन्स. सगळं मिळून विस्तारित (दुप्पट केलेली, साधारण ९५ टक्के विश्वासाची) अनसर्टन्टी ±०.७ मि.ग्रॅ./लि. येते. बॅलन्स, वजनपेटी, ब्युरेट यांच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर 'राष्ट्रीय मानकांशी ट्रेसेबल' (म्हणजे तुलनांच्या साखळीने जोडलेलं) असं वाक्य आहे. प्रमाणीकरणासाठीचा कॅल्शियम कार्बोनेट एआर (विश्लेषणासाठीच्या) ग्रेडचा, लेबलवर 'किमान ९९.५ टक्के'.

प्रश्न तीन. त्या वाक्यावर ट्रेसेबिलिटी सिद्ध होते का? ±०.७ खरं धरायचं का? आणि १९६ ला काय शेरा द्यायचा?

तोलमोल

पहिल्याचं उत्तर: नाही. ट्रेसेबिलिटी हा यंत्राचा गुण नाही, निकालाचा आहे. बॅलन्स ट्रेसेबल नसतो. बॅलन्सवरचं वाचन अमुक प्रमाणपत्राच्या आधाराने अमुक अनसर्टन्टीसह किलोग्रॅमशी जोडलेलं असतं. प्रत्येक टप्प्यावर कोणाशी तुलना झाली आणि त्या तुलनेची अनसर्टन्टी किती, हे दोन्ही लागतं. एका टप्प्याची अनसर्टन्टी लिहिलेली नसेल तर वरच्या टोकाला एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) आहे की आणखी कोणी, याला काही अर्थ उरत नाही.

प्रमाणपत्र हातात आलं की छापील वाक्य सोडून द्या आणि हे बघा. कॅलिब्रेशन लॅबच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) स्कोपमध्ये ते मापन आणि ती रेंज आहे का. प्रमाणपत्रावरची अनसर्टन्टी त्यांच्या सीएमसीपेक्षा (मान्यतेत नोंदलेल्या सर्वांत लहान अनसर्टन्टीपेक्षा) लहान नाही ना. लहान असेल तर प्रमाणपत्र परत पाठवा. वापरलेल्या मानकाचा क्रमांक आणि त्याची वैधता. तापमान, आर्द्रता. कव्हरेज फॅक्टर (प्रमाण अनसर्टन्टीला कितीने गुणून ± काढला तो आकडा). आणि ॲडजस्ट करण्याआधीची वाचनं.

हे शेवटचं फार जण सोडतात. सर्व्हिस इंजिनिअर आला, त्याने आधी बॅलन्स ॲडजस्ट केला आणि मग वाचनं घेतली, तर मागच्या वर्षभरात बॅलन्स किती सरकला होता हे कायमचं पुसलं गेलं. त्या वर्षातल्या निकालांबद्दल मग काहीच सांगता येत नाही. 'आधी आहे तशी वाचनं, मग ॲडजस्टमेंट, मग पुन्हा वाचनं' असं वर्क ऑर्डरमध्येच लिहून द्या.

नवखा_विश्लेषक

आमच्या वजनपेटीवर वैध मापन खात्याचा शिक्का आहे. तो चालेल का?

मापारी

@नवखा_विश्लेषक, नाही चालणार. शिक्का म्हणजे पडताळणी आणि मुद्रांकन. हे वजन कायद्याने ठरवलेल्या कमाल चुकीच्या आत आहे, एवढंच तो सांगतो. २००९ च्या वैध मापन कायद्याचा हेतू व्यापारातल्या मापांचा आहे आणि तिथे ते काम चोख होतं. पण वजनाचं प्रत्यक्ष मूल्य आणि त्याची अनसर्टन्टी शिक्क्यातून मिळत नाही. ०.१ मि.ग्रॅ. वाचणारा बॅलन्स तपासायला ई२ किंवा निदान एफ१ वर्गाचं, कॅलिब्रेशन प्रमाणपत्र असलेलं वजन हवं. १०० ग्रॅमला ई२ ची कमाल चूक ०.१६ मि.ग्रॅ., एफ१ ची ०.५ मि.ग्रॅ. एफ१ घेतलंत तर प्रमाणपत्रातलं प्रत्यक्ष मूल्य वापरा, नाममात्र १०० नको.

अवांतर: पायली चार शेरांची हे सगळीकडे पाठ होतं, पण शेर गावागणिक वेगळा. ह्या गावची पायली आणि त्या गावची पायली यांत वाद झाला तर दोघांच्या वर निवाडा देणारं एक माप नव्हतं. ट्रेसेबिलिटी म्हणजे काय ते समजवायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

वऱ्हाडी_रसायन

पायलीचं उदाहरण आवडलं. आता वरच्या टोकाचंही सांगून टाकतो. भारताकडे किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रत आहे, ती दिल्लीत एनपीएलमध्ये. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम पॅरिसजवळच्या मूळ प्लॅटिनम-इरिडियमच्या ठोकळ्यावर अवलंबून नाही, प्लँक स्थिरांकाच्या ठरवून दिलेल्या मूल्यावर आहे. आपल्या लॅबमधल्या वजनपेटीच्या प्रमाणपत्रात त्यामुळे काही बदललं नाही, साखळीचं वरचं टोक तेवढं बदललं.

बॅलन्सबद्दल दोन गोष्टी. आतलं मोटरवर चालणारं वजन फिरवून 'इंटर्नल कॅलिब्रेशन' केलं म्हणजे साखळी जोडली गेली असं नाही. ती ॲडजस्टमेंट आहे. नंतर बाहेरचं कॅलिब्रेट केलेलं वजन ठेवून वाचन नोंदवलं पाहिजे. दुसरं, एप्रिल-मेमध्ये विदर्भात हवा इतकी कोरडी असते की वजन करायच्या प्लॅस्टिकच्या बोटीवर (छोट्या पात्रावर) स्थिर विद्युत जमते आणि आकडा मिलिग्रॅमच्या घरात सरकत राहतो. तिथे काचेची किंवा ॲल्युमिनियमची बोट वापरा, स्थिर विद्युत घालवणारा आयोनायझर असेल तर उत्तम.

कोकणकिनारा

आणि पावसाळ्यात कोकणात उलट. डेसिकेटरमधून (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यातून) काढलेला पदार्थ पॅनवर ठेवल्यावर आकडा हळूहळू वर चढतो. वजन करण्याच्या बाटलीला झाकण हवंच. वजनं चिमट्यानेच उचला, शॅमॉय (मऊ कातडं) किंवा प्लॅस्टिकच्या टोकाच्या.

तोलमोल

बॅलन्स हलवण्याचाही मुद्दा यात यायला हवा. मुंबईत ॲडजस्ट केलेला बॅलन्स तसाच पुण्याला नेला तर १०० ग्रॅमला १० मि.ग्रॅ.पेक्षा जास्त कमी दाखवेल, कारण साडेपाचशे मीटर उंचीवर गुरुत्व तेवढं कमी आहे. ०.१ मि.ग्रॅ.च्या बॅलन्सवर हे शंभराहून अधिक अंक झाले. कॅलिब्रेशन बॅलन्स जिथे वापरायचा तिथेच, त्याच टेबलावर. लॅबला पाठवून आणलेलं प्रमाणपत्र बॅलन्सच्या बाबतीत निरुपयोगी आहे.

काचपात्र

काचेकडे वळतो. भारतीय काचपात्रांवर पुष्कळदा २७ अंश सेल्सिअस छापलेलं असतं, आयात केलेल्यांवर २० अंश. क्षारपारखी, तुमच्या संचात दोन्ही मिसळली असतील तर ०.१५ टक्क्यांच्या आसपास चूक तिथेच आली.

सिग्मा

@काचपात्र, इथे दुरुस्ती करतो. २० ते २७ अंशांत भांड्याचं आकारमान बदलतं ते काचेच्या प्रसरणाने, पाण्याच्या नाही. बोरोसिलिकेटचा घनप्रसरण गुणांक अंशाला साधारण ०.००००१. सात अंशांना ०.००७ टक्के, म्हणजे १ लिटर फ्लास्कमध्ये ०.०७ मि.लि. फ्लास्कची मान्य चूकच ०.४ मि.लि. आहे. सोडा काचेला अडीचपट धरा, तरी तुमच्या ०.१५ पासून लांब.

तुमच्या डोक्यात आहे ते पाण्याचं प्रसरण. २० ते २७ अंशांत पाणी ०.१७ टक्के फुगतं. ते कुठे लागतं? एक, भांडं पाणी तोलून कॅलिब्रेट करताना: तापमान नीट मोजलं नाही तर घनता चुकते. तिथे ०.१ अंश वाचणारा, स्वतः कॅलिब्रेट केलेला थर्मामीटर पाण्यात बुडवूनच हवा, खोलीचं तापमान चालणार नाही. दोन, द्रावण एका तापमानाला केलं आणि दुसऱ्याला वापरलं तर.

या टायट्रेशनमध्ये नमुना आणि ईडीटीए दोन्ही खोलीच्या तापमानाला असतील तर फरक बराचसा कटतो, कारण निकाल हे दोन आकारमानांचं गुणोत्तर आहे. नमुना फ्रिजमधून ४ अंशांवर काढून लगेच पिपेट केला तर मात्र ०.३५ टक्के, म्हणजे १९६ ला ०.७ मि.ग्रॅ./लि. शिवाय थंड नमुन्यात रंगबदल संथ होतो, त्याची चूक याहून मोठी.

काचपात्र

बरोबर, मी दोन प्रसरणं एकत्र केली. धन्यवाद. मग तापमानाचे घटक ब्युरेटला वेगळे आणि पिपेटला वेगळे धरून वर्ग करून मिळवणंही चूकच ना?

सिग्मा

हो. दोन्हींत एकच खोलीचं तापमान असेल तर ते स्वतंत्र नाहीत. स्वतंत्र धरलं तर बजेट उगाच फुगतं. इथे आकडा लहान म्हणून चालून जातं, पण सवय वाईट.

नवखा_विश्लेषक

प्रमाणपत्रातल्या ± ला २ ने भागायचं की ३ च्या वर्गमूळाने? दोन्ही पाहिलंय.

तोलमोल

प्रमाणपत्रात 'कव्हरेज फॅक्टर २' लिहिलं असेल तर २ ने. ब्युरेटवर छापलेल्या ±०.०३ सारख्या मान्य चुकीला ३ च्या वर्गमूळाने, कारण खरं मूल्य त्या पट्ट्यात कुठेही असू शकतं एवढंच आपल्याला ठाऊक आहे: ०.०३ चे ०.०१७. तीच ब्युरेट कॅलिब्रेट केलेली असेल आणि तुम्ही १० मि.लि. पाशी +०.०१२ ही दुरुस्ती निकालात खरोखर लावत असाल, तरच प्रमाणपत्राची लहान अनसर्टन्टी वापरायचा हक्क मिळतो. दुरुस्ती न लावता प्रमाणपत्र फाइलला लावून ठेवलं तर मान्य चूकच धरा.

वऱ्हाडी_रसायन

आता कॅल्शियम कार्बोनेटच्या बाटलीकडे या. क्षारपारखी, तुमची साखळी तिथे तुटली आहे. बॅलन्स आणि काच उत्तम, पण निकाल मि.ग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये लिहिता आणि त्या पदार्थाची शुद्धता कोणी, कशाने, किती अनसर्टन्टीने मोजली ते बाटलीवर नाही. 'किमान ९९.५' ही विक्रीची हमी आहे. आयएसओ १७०३४ मान्यता असलेल्या उत्पादकाचं प्रमाणित संदर्भ द्रव्य घ्या. त्यावर शुद्धता, अनसर्टन्टी, वाळवण्याची सूचना आणि मुदत असते.

क्षारपारखी

आकड्यात पाहिलं तर ९९.५ ते १०० हा पट्टा म्हणजे ०.२५ भागिले वर्गमूळ ३, ०.१४ टक्के. निकालावर ०.३ मि.ग्रॅ./लि. एवढ्यासाठी महाग द्रव्य?

वऱ्हाडी_रसायन

आकड्यासाठी नाही. अनसर्टन्टी लहान आहे आणि ट्रेसेबिलिटी नाही, या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात. वरचा ०.१४ तुम्ही लेबलवर विश्वास ठेवून काढला, त्या विश्वासाला पुरावा नाही. महाग द्रव्य रोज वापरू नका. त्याच्यावरून एआर बाटलीची शुद्धता एकदा तपासा, सहा टायट्रेशन संदर्भ द्रव्याने, सहा एआर बाटलीतल्या कार्बोनेटने, फरक आणि अनसर्टन्टी नोंदवा, मग ती बाटली कामाचं मानक म्हणून वापरा. नवी बाटली फोडली की पुन्हा.

द्रावण करताना काय चुकतं तेही लिहितो. पदार्थ ओव्हनमध्ये वाळवा, डेसिकेटरमध्ये पूर्ण थंड करा. गरम बोट बॅलन्सवर ठेवली तर हवा वर उठते आणि वजन कमी दिसतं. १.००० ग्रॅम शंकुपात्रात घ्या, तोंडावर फनेल ठेवा आणि हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने. घाई केली तर फेसाबरोबर कॅल्शियम उडतं. मग द्रावणात कॅल्शियम कमी, ईडीटीए कमी लागतो, त्याचा फॅक्टर (१ मि.लि.ला किती मि.ग्रॅ. कठिणता ते) वाढीव निघतो आणि पुढचा प्रत्येक नमुना कठीण दिसतो. विरघळल्यावर २०० मि.लि. पाणी घालून उकळा, कार्बन डायऑक्साइड घालवा, थंड करून मिथिल रेड या रंगदर्शकावर नारिंगी छटेपर्यंत जुळवा, मग १ लिटर. १ मि.लि. बरोबर १ मि.ग्रॅ.

ईडीटीए पॉलिथिनच्या बाटलीत ठेवा. साध्या काचेतून कॅल्शियम सुटून ईडीटीए कमजोर होतो आणि कठिणता पुन्हा जास्तच येते.

तोलमोल

पुरवणी. कार्बोनेटची घनता २.७, पोलादी वजनाची ८. हवेच्या उत्प्लावकतेमुळे १ ग्रॅमला ०.३ मि.ग्रॅ.चा फरक येतो. बॅलन्सची स्वतःची अनसर्टन्टी यापेक्षा कमी असते. इथे ०.०३ टक्के सोडून द्या, पण संदर्भ द्रव्य स्वतः बनवणाऱ्याने सोडू नये.

रक्तबिंदू

थोडं विषयांतर. पॅथॉलॉजीत हाच प्रश्न रोजचा. एचबीए१सी (सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) दोन पद्धतींनी लिहितात: टक्क्यांत आणि मिलिमोल प्रति मोलमध्ये. टक्के = ०.०९१५ गुणिले मिलिमोल प्रति मोल + २.१५. म्हणून ४८ म्हणजे ६.५ टक्के. दोन संदर्भ प्रणाली या समीकरणाने जोडल्या आहेत, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे जवळ येतात. ज्या चाचणीला अशी संदर्भ पद्धतच नाही, तिथे कॅलिब्रेटरचं मूल्य उत्पादकाच्या घरच्या मानकापर्यंतच पोचतं. रुग्णाने अशा चाचण्यांसाठी दर वेळी लॅब बदलू नये, याचं कारण हेच.

सिग्मा

छान मुद्दा. आता दुसऱ्या प्रश्नाकडे. क्षारपारखी, ±०.७ वर माझा विश्वास नाही. एक थेंब ०.०५ मि.लि.चा, म्हणजे तुमच्या ५० मि.लि. नमुन्यात १ मि.ग्रॅ./लि. एरिओक्रोम ब्लॅक टी या रंगदर्शकाचा मद्यलाल ते निळा बदल ओळखताना दोन विश्लेषकांत एका थेंबाचा फरक सहज पडतो. तोच तुमच्या पूर्ण ± पेक्षा मोठा. त्याशिवाय बफरचा (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) पीएच १० आहे की जुन्या बाटलीतला अमोनिया उडून उतरला आहे. बफर घातल्यावर पाच मिनिटांत टायट्रेशन संपतं की कार्बोनेटचा साका बसायला लागतो. मॅग्नेशियम अगदी कमी असलेल्या पाण्यात रंग बोथट होतो. यातलं काहीच ब्युरेटच्या प्रमाणपत्रात नाही. क्यूसीच्या (माहीत मूल्याचं द्रावण रोज तपासण्याच्या) नोंदी द्या: रोजच्या, वेगवेगळ्या हातांच्या.

क्षारपारखी

२०० मि.ग्रॅ./लि.चा क्यूसी, ३० दिवस, तीन विश्लेषक. सरासरी २०१.४, प्रमाण विचलन ३.५. क्यूसी वेगळ्या उत्पादकाच्या प्रमाणित द्रावणातून केलेला, त्याची प्रमाण अनसर्टन्टी ०.५.

सिग्मा

क्यूसी वेगळ्या स्रोताचा आहे हे फार बरं. त्याच कार्बोनेटमधून केला असता तर बाटलीची चूक दोन्हीकडे सारखी येऊन दिसलीच नसती.

आता हिशेब. लॅबअंतर्गत विचलन ३.५. बायस (सरासरीचा संदर्भ मूल्यापासूनचा फरक) १.४. सरासरीची अनसर्टन्टी ३.५ भागिले वर्गमूळ ३०, म्हणजे ०.६४, संदर्भाची ०.५, दोन्ही मिळून ०.८१. बायस १.४ हा ०.८१ च्या दुपटीपेक्षा कमी, म्हणून दुरुस्ती लावण्याइतका सिद्ध होत नाही, पण बजेटमध्ये धरायचा. १.४, ०.६४ आणि ०.५ यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ १.६. त्याच्याशी ३.५ तसाच मिळवला की ३.९. दुप्पट ७.७. निकाल १९६ ± ८.

ब्युरेट, थेंब, तापमान, रोजचा हात हे सगळं ३.५ मध्ये आधीच आलं आहे. ते पुन्हा वेगळं मिळवू नका. अनसर्टन्टी कमी करायची तर नवी ब्युरेट नको, १०० मि.लि. नमुना घ्या, थेंबाचा वाटा निम्मा होतो. आणि तीन विश्लेषकांना एकाच पांढऱ्या टाइलवर, एकाच प्रकाशात, अंतिम बिंदूच्या संदर्भ द्रावणाशेजारी टायट्रेशन करायला लावा.

मापारी

१०० मि.लि.ला खर्च १९.६ होईल, २५ ची ब्युरेट पुरते. नमुन्याची कठिणता २५० च्या वर असेल तर मात्र भरायला पुन्हा थांबावं लागेल, वाचनं दोनाची चार होतील. तिथे ५० च ठेवा.

काचपात्र

म्हणजे मूळ प्रश्न उरला. १८८ ते २०४. पास की नापास?

तोलमोल

ते गणिताने ठरत नाही, आधी ठरवलेल्या निर्णय नियमाने ठरतं. आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानकानुसार ग्राहक अनुरूपतेचा (पास-नापासचा) शेरा मागत असेल तर नियम कोणता ते नमुना घेतानाच लिहून मान्य करून घ्यायचं. साधी स्वीकृती (अनसर्टन्टी न धरता आकडा थेट मर्यादेशी ताडणं) ठरली असेल तर १९६ पास, पण २०० च्या वर असण्याची शक्यता साधारण १५ टक्के आहे हे ग्राहकाला कळलं पाहिजे. पूर्ण अनसर्टन्टीएवढी सुरक्षा पट्टी (मर्यादेतून तेवढं वजा करणं) ठरली असेल तर १९२ पर्यंतच पास. एकतर्फी ९५ टक्के विश्वास ठरला असेल तर १.६४ गुणिले ३.९, म्हणजे ६.४ वजा, १९३ पर्यंत. निकाल पाहिल्यावर नियम निवडणं हा सर्वांत मोठा दोष. आकडा हातात आला की सोयीचा नियम आपोआप सापडतो.

कठिणतेच्या २०० वर साधी स्वीकृती मला योग्य वाटते, कारण मुद्दा साबण आणि भांड्यावरच्या थराचा आहे. शिसं किंवा आर्सेनिक असेल तर मी पट्टीशिवाय शेरा देणार नाही.

वऱ्हाडी_रसायन

शिसं-आर्सेनिकबद्दल पूर्ण सहमत. कठिणतेबद्दल थोडा असहमत: बॉयलरसाठी पाणी घेणाऱ्याला ही रेषा महत्त्वाची असते. वापर विचारूनच नियम ठरवा.

क्षारपारखी

ग्राहकाशी नियम आधी ठरलेला नव्हता. म्हणून या अहवालात शेरा देत नाही. निकाल '१९६ ± ७.७ मि.ग्रॅ./लि., कव्हरेज फॅक्टर २, साधारण ९५ टक्के' असा लिहितो. कोऱ्या अर्जात नियमाचा रकाना टाकला. संदर्भ द्रव्याची ऑर्डर दिली, बाटलीची तुलना ते आल्यावर.

सिग्मा

'± ८' लिहा. निकाल पूर्णांकात आहे, अनसर्टन्टीही त्याच स्थानापर्यंत.

मापारी

आणि संदर्भ द्रव्य आल्यावर फक्त पुढचेच नाही, जुन्या बाटलीवर दिलेले निकालही तपासा. शुद्धता ९९.५ च्या खाली निघाली तर कोणते अहवाल बदलतात याची यादी आत्ताच लॉट क्रमांकानुसार काढून ठेवा.

क्षारपारखी

काढतो. बाटली फोडल्याची तारीख लेबलवर आहे, त्यामुळे सोपं जाईल.